परळ-वरळीच्या टॉवरमध्ये फ्लॅट घेताना: कागद तुमच्या मजल्यापर्यंत पोचलाय का?

लोअर परळ, वरळी, प्रभादेवी, करी रोड, शिवडी या पट्ट्यात चाळीस, पन्नास, साठ मजल्यांच्या इमारतींचं आता कुणाला नवल वाटत नाही. घरांच्या किमती कोटींत आहेत. तरी ती घेणाऱ्यांत दोघंही नोकरी करणारी जोडपी आहेत, बोरिवली-डोंबिवलीचं घर विकून मुलांजवळ येणारे निवृत्त लोक आहेत, परदेशात राहून आईवडिलांसाठी घर बघणारी मुलं आहेत. जन्माची कमाई ओतायची वेळ येते तेव्हा यातले बरेच जण मार्बल, क्लबहाउस आणि खिडकीतला समुद्र एवढंच बघून टोकन देऊन येतात. माझं सांगणं एकच आहे: टॉवरमधलं घर मजल्याच्या हिशेबाने तपासा. चार मजली सोसायटीत इमारतीला परवानगी आहे की नाही एवढाच प्रश्न असतो. टॉवरमध्ये बांधकामाची परवानगी, राहण्याची परवानगी, कर्जाचा बोजा, आगीच्या वेळची सोय, सगळं मजल्यागणिक वेगळं असू शकतं.

खालची कामं शक्यतो याच क्रमाने करा.

आधी पैशाचा आकडा बांधा

जाहिरातीतली किंमत म्हणजे तुमचा खर्च नव्हे. समजा करारातली किंमत ५ कोटी आहे. मुंबईत सध्या मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह ६ टक्के, म्हणजे ३० लाख. नोंदणी फी जास्तीत जास्त ३० हजार. इमारत बांधकामाधीन असेल तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २५ लाख. एकूण ५ कोटी ५५ लाख ३० हजार. ओसी (राहण्याची परवानगी) मिळाल्यानंतर घेतलं किंवा रीसेलचं घेतलं तर जीएसटी नाही, म्हणून तयार घराचा भाव थोडा चढा दिसला तरी ही वजाबाकी करूनच तुलना करा. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते, म्हणजे या उदाहरणात ५ लाख. नवऱ्याचं नाव सोबत घातलं की ती सूट जाते.

मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारने ठरवलेली) किंमत यांत जी जास्त असेल तिच्यावर लागतं, आणि रेकनरमध्ये उंच मजल्यांना वाढीव दर असतो. तो आकडा वकिलाकडून आधीच काढून घ्या. ५० लाख आणि त्यावरच्या व्यवहारात खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून सरकारात भरायचा असतो. हा वेगळा खर्च नाही, किमतीतूनच वळता होतो, पण भरायचा राहिला तर नोटीस तुम्हाला येते. विकणारा परदेशस्थ असेल तर हा १ टक्क्याचा नियम लागूच होत नाही, दर बराच मोठा असतो. तिथे सीएला विचारल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

७५ लाखांवरच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ७५ टक्के रक्कम देते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्या हिशेबात धरत नाही. म्हणजे ५ कोटींच्या घराला सव्वा कोटी आणि वर शुल्काचे ३० लाख खिशातूनच काढावे लागतात.

मग मेंटेनन्स. टॉवरमध्ये तो चौरस फुटावर आकारतात. समजा दर १८ रुपये आणि घर १,२०० चौरस फूट, तर महिन्याला २१,६०० रुपये. महिना ७,५०० रुपयांच्या वर गेला की मोठ्या सोसायट्यांत त्यावर १८ टक्के जीएसटीही येतो. ताब्याच्या वेळी वर्षा-दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ आणि कॉर्पस फंड (इमारतीच्या मोठ्या खर्चांसाठीची ठेव) वेगळा मागतात. निवृत्त माणसाने हा आकडा पेन्शनशेजारी लिहून बघावा. घर घेता येणं आणि त्या घरात वीस वर्षं राहता येणं हे दोन वेगळे हिशेब आहेत.

जमीन मूळची कुणाची?

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगाव पूर्वीसारखं राहिलं नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकसित करायला वाट दिली, २००१ मध्ये तो नियम बदलला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदल उचलून धरल्यावर टॉवर झपाट्याने उभे राहिले. पण या भागातला प्रत्येक टॉवर गिरणीच्या जमिनीवर नाही. काही उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींच्या पुनर्विकासातून आले आहेत, काही झोपडपट्टी पुनर्वसनातून, काही म्हाडाच्या वसाहतींतून. कोणत्या योजनेखाली इमारत उभी राहिली हे विचारा, कारण त्यावर पुढचे कागद ठरतात. पुनर्विकासाच्या प्रकल्पात मूळ रहिवाशांच्या घरांचं काम रखडलं तर विक्रीच्या टॉवरची ओसीही अडकू शकते. तुमचं काचेचं लॉबीदार घर तयार असेल, पण शेजारी पुनर्वसनाच्या इमारतीचं काम कुठवर आलंय हे स्वतः जाऊन बघा. तिथल्या लोकांशी बोला. तात्पुरत्या घराचं भाडं बिल्डरकडून वेळेवर मिळतंय का, एवढ्या एका प्रश्नावर बिल्डरच्या पैशाची तब्येत कळते. झोपडपट्टी पुनर्वसनाचा प्रकल्प असेल तर परवानग्या महापालिकेऐवजी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या असतात.

शहर भागात जमिनीची ओळख सी.एस. नंबर आणि डिव्हिजन यांनी होते. त्यावरून मालमत्ता पत्रक काढा आणि जमीन मालकीची की भाडेपट्ट्याची ते पाहा. भाडेपट्टा असेल तर मुदत किती उरली आणि हस्तांतराला मूळ मालकाची परवानगी लागते का, हे वकिलाकडून लेखी घ्या. ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट आपल्या वकिलाचाच हवा. बिल्डरच्या वकिलाचं टायटल सर्टिफिकेट वाचायला घ्या, पण त्यावर थांबू नका.

महारेराचं पान शेवटपर्यंत वाचा

रेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला; महारेरा हे त्याखालचं राज्याचं प्राधिकरण. मुंबई शहरातल्या जुन्या प्रकल्पांचा नोंदणी क्रमांक पी५१९ ने सुरू होतो. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा आहे, तो स्कॅन केला की थेट प्रकल्पाचं पान उघडतं. बहुतेक लोक तिथे नोंदणी आहे एवढं बघून पान बंद करतात. तुम्ही चार गोष्टी शोधा.

पहिली, पूर्णत्वाची तारीख आणि तिला किती वेळा मुदतवाढ मिळाली. सेल्स ऑफिसात सांगितलेली तारीख आणि इथली तारीख यांत वर्षा-दोन वर्षांचं अंतर असेल, तर कायद्यापुढे इथली तारीख उभी राहते. दुसरी, मंजूर मजले किती आणि प्रस्तावित किती. ६० मजले विकायला काढलेत आणि मंजुरी ४२ चीच आहे, असं चित्र या पानावर सरळ दिसू शकतं. तिसरी, बोजा: प्रकल्पावर कुणाचं कर्ज आहे. चौथी, चालू खटले आणि तक्रारी. याखेरीज बिल्डर आपल्या करारात नमुना करारापासून कुठे फारकत घेतो याचा अहवालही तिथे असतो. तो दोन-तीन पानांचा असला तरी सगळ्या ब्रोशरपेक्षा मोलाचा आहे.

प्रकल्प गहाण असेल, आणि मोठे टॉवर बहुधा असतातच, तर कर्ज देणाऱ्या संस्थेचं ना-हरकत पत्र मागा. त्यात तुमच्या फ्लॅटचा क्रमांक, मजला आणि पैसे कोणत्या खात्यात भरायचे तो खाते क्रमांक, तिन्ही असले पाहिजेत. ‘प्रकल्पाला आमची हरकत नाही’ असं मोघम पत्र चालवून घेऊ नका.

सीसी, ओसी आणि तुमचा मजला

या लेखातला सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा हा आहे, म्हणून इथे वेळ द्या.

महापालिका आधी आयओडी, म्हणजे नकाशांना अटींसह मान्यता देते, मग बांधकाम सुरू करायचं प्रमाणपत्र म्हणजे सीसी. टॉवरची सीसी एकदम शेवटच्या मजल्यापर्यंत मिळत नाही. आधी जोत्यापर्यंत, मग अमुक मजल्यापर्यंत, मग त्यापुढे, अशी ती वाढवून घ्यावी लागते. त्या पत्रात ‘इतक्या मजल्याच्या माथ्यापर्यंत’ अशा अर्थाची एक ओळ असते. ती ओळ बोट ठेवून वाचा. तुम्ही ४७ वा मजला घेताय आणि शेवटची सीसी ४२ व्यापर्यंतच असेल, तर आज तुम्हाला न मिळालेल्या परवानगीतलं घर विकलं जातंय.

इमारत झाली की ओसी, म्हणजे राहण्याची परवानगी. इथेही भाग पडतात. ‘ओसी आलीय’ असं एजंट सांगतो ते खोटं नसतं, पण ती खालच्या पंचवीस मजल्यांची असू शकते. पार्ट ओसीमध्ये कोणती विंग, कोणते मजले, काही वेळा कोणते फ्लॅट वगळले, हे स्पष्ट लिहिलेलं असतं. अटींचं पानही वाचा.

वरळीचं कॅम्पा कोला कंपाउंड मुंबईकरांना आठवत असेल. १९८० च्या दशकात पाच-सहा मजल्यांच्या परवानगीवर त्याहून कितीतरी उंच इमारती उभ्या राहिल्या, लोक वर्षानुवर्षं राहिले, कर भरले, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले बेकायदा ठरवले. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ताडदेवच्या एका ३४ मजली इमारतीतल्या, ओसी नसलेल्या १७ ते ३४ मजल्यांवरच्या रहिवाशांना घरं रिकामी करायला सांगितलं. ‘इतकी वर्षं लोक राहतायत, काही होत नाही’ असं कुणी म्हणालं तर ही दोन उदाहरणं समोर ठेवा.

रीसेलच्या घरात आणखी एक गोष्ट तपासा. मंजूर नकाशा हातात घेऊन घरात फिरा. नकाशातला डेक (उघडी बाल्कनी) किंवा डक्ट (पाइपांसाठी सोडलेली पोकळी) बंद करून खोलीत घेतला असेल तर नोटीस आली की ती नव्या मालकाच्या गळ्यात पडते. अलीकडच्या बऱ्याच टॉवरमध्ये भिंती विटांच्या नसून मिवान पद्धतीच्या, ओतीव काँक्रीटच्या असतात. त्या इमारतीचा भार वाहतात. हॉल मोठा करायला किंवा जोडीफ्लॅट एक करायला अशी भिंत फोडता येत नाही. मनात तसा बेत असेल तर स्ट्रक्चरल नकाशा आधी मागा.

फूटपट्टी घेऊन सॅम्पल फ्लॅटमध्ये जा

रेरानुसार कार्पेट एरियात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि खुली गच्ची धरत नाहीत. तुम्हाला सांगितलेल्या आकड्यात डेक मिसळलाय का ते विचारा, आणि उत्तर चौरस मीटरमध्ये लिहून घ्या, कारण करारात तेच असतं. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट.

सॅम्पल फ्लॅट सजवणारे लोक त्यांच्या कामात हुशार असतात. आतले दरवाजे काढलेले असतात, कपाटांची खोली कमी असते, भिंतीवर आरसा असतो. पलंगाची लांबी मोजा. आपल्या घरातला पलंग साडेसहा फुटी असतो, तिथला सहा फुटांचाही भरत नाही असं होतं, आणि मग उरलेल्या जागेत कपाटाचं दार उघडत नाही. स्वयंपाकघरात ओट्यासमोर उभं राहून फ्रिज कुठे येईल ते बघा, उघडणारी खिडकी आहे का ते बघा. कपडे कुठे वाळत घालायचे हे हमखास विचारा. दर्शनी भाग बिघडतो म्हणून बऱ्याच टॉवरमध्ये डेकवर दोरी बांधायला मनाई असते, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत चार माणसांच्या घराला हा प्रश्न रोज पडतो.

इमारत खालून वर बघा

पहिल्या भेटीत वरचा देखावा दाखवतात. दुसऱ्या भेटीत तुम्ही तळघरातून सुरुवात करा. तयार इमारत असेल तर पंपरूम दाखवायला सांगा. फायर पंपांच्या पॅनेलवर निवडीचा खटका ‘ऑटो’वर हवा. तो ‘मॅन्युअल’ किंवा ‘ऑफ’वर असेल तर आग लागल्यावर कुणीतरी धावत खाली येईपर्यंत पंप सुरू होणार नाही. पाइपवरच्या दाबाच्या घड्याळाचा काटा शून्यावर नसावा. मग तुमच्या मजल्याच्या जिन्यापाशी लाल पेटी उघडा, होज आणि नोझल जागेवर आहेत का ते बघा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतीने दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र द्यायचं असतं. शेवटचं प्रमाणपत्र बघायला मागा. चालढकल झाली तर त्यातच उत्तर मिळालं असं समजा.

रेफ्यूज एरिया, म्हणजे आगीत आसरा घ्यायची मोकळी जागा, साधारण दर सात मजल्यांनी असते. तुमच्या सर्वांत जवळची कोणती, आणि तिथे सायकली, जुनं फर्निचर भरलेलं नाही ना, हे प्रत्यक्ष जिन्याने जाऊन बघा. मुंबई अग्निशमन दलाची सर्वांत उंच शिडी ९० मीटरची आहे. आलिशान इमारतीत पोडियम आणि उंच छतं धरता ती तिसाव्या मजल्याच्याही खालीच थांबेल. त्यावरच्या माणसांचा जीव इमारतीच्या स्वतःच्या यंत्रणेवर अवलंबून असतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये करी रोडच्या ६० मजली इमारतीत १९ व्या मजल्यावर आग लागली आणि एका सुरक्षारक्षकाचा जीव गेला. ज्यांच्या घरात जिना न उतरू शकणारं माणूस आहे त्यांनी मजला निवडताना हा विचार सर्वांत आधी करावा.

लिफ्टसाठी सकाळी पावणेनऊला लॉबीत पंधरा मिनिटं थांबा. शाळा-ऑफिसच्या गर्दीत किती वेळ लागतो ते दिसेल. सामानाची लिफ्ट वेगळी आहे का तेही पाहा.

पार्किंगचे शब्द नीट ऐका. ‘दोन पार्किंग’ म्हणजे कधी कधी एकावर एक अशी यांत्रिक जागा असते, खालची गाडी काढल्याशिवाय वरची निघत नाही. उघडी किंवा स्टिल्टची (इमारतीखालची, खांबांमधली) जागा बिल्डर वेगळी विकू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केलं आहे. महारेराच्या २०२४ च्या आदेशानंतर पार्किंगची जागा, लांबी, रुंदी, उंची करारासोबत जोडावी लागते. तुमची गाडी उंच असेल तर उंचीचा आकडा तपासा.

शक्य असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये, भरतीच्या दिवशी एकदा या. हिंदमाताला पाणी तुंबलं की परळ-दादरचा रस्ता अडतो, तेव्हा तुम्ही घरी कसे पोचाल ते कळेल. उंच मजल्यावर पश्चिमेचा पाऊस आडवा येतो. खिडकीखालच्या कोपऱ्यात भिंतीला हात लावून ओल बघा. उन्हाळ्यात रंग मारलेली भिंत हे सांगणार नाही.

देखाव्याचा भाव आणि खरा भाव

मजला चढेल तसा दर चढतो. मजल्यामागे चौरस फुटाला १०० रुपये धरले तर १,२०० चौरस फुटांच्या घराला ३० मजले वर जायचे ३६ लाख होतात. समुद्र दिसण्याचे पुन्हा वेगळे. पण समुद्र आणि तुमच्या मधे काय आहे? जुनी चाळ, बैठं गोदाम, उपकरप्राप्त इमारत असेल तर उद्या तिथेही टॉवर येणार. वरळी आणि ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडी चाळींच्या जागी म्हाडाचा पुनर्विकास चालूच आहे. देखावा कायम राहील अशी हमी कुठल्याही करारात नसते. म्हणून मधे मैदान किंवा रस्ता असलेल्या बाजूलाच जास्त पैसे मोजा, आणि ते मैदान विकास आराखड्यात आरक्षित आहे का ते बघून घ्या.

खरा भाव एजंटला विचारू नका. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये त्याच इमारतीचे इंडेक्स टू काढा. करार कोणत्या तारखेला, किती क्षेत्रफळाचा, किती रकमेला झाला हे त्यावर छापलेलं असतं. मागच्या वर्षभरातले पाच-सहा व्यवहार मजल्यानुसार कागदावर मांडा. मग बोलणी करायला बसलात की समोरच्याचा सूर बदलतो.

करार, पैसे, नोंदणी

करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ‘ऑफर आज संपतेय’ असं ऐकून जास्त देऊ नका. कराराचा मसुदा टोकनआधी मागा आणि वकिलाला आठवडा द्या. उशीर झाला तर व्याज, दोषदायित्व (बांधकामातल्या दोषांची जबाबदारी), अभिहस्तांतरण (जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे करणं) या कलमांवर त्याचं मत लेखी घ्या. ताबा आल्यावरच हप्ते सुरू होतील, तोवर बिल्डर भरेल अशा योजनांपासून लांब राहिलेलं बरं. कर्ज तुमच्या नावावर असतं, आणि बिल्डर थकला की बँक तुमच्या दारात येते.

सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो, पण त्याच आठवड्यात उरकून टाका. रीसेल असेल तर मूळ करारांची पूर्ण साखळी, शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र घ्या. सोसायटीचं हस्तांतर प्रीमियम २५ हजारांपेक्षा जास्त असू शकत नाही, घर कितीही कोटींचं असलं तरी.

ताबा घेताना

किल्ली घेण्याआधी ओसीची प्रत घ्या, आणि तीत तुमचा मजला आहे ना ते पुन्हा बघा. घर आतून मोजा. करारापेक्षा क्षेत्रफळ कमी भरलं तर तेवढे पैसे परत मागता येतात. बाथरूममध्ये पाणी साठवून एक दिवस ठेवा आणि खालच्या घराच्या छतावर ओल येते का ते बघा. खिडक्यांवर पाइपने पाणी मारून घ्या. दोषांची यादी तारखेसह, फोटोंसह ईमेलने पाठवा. बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षं बिल्डरवर असते, कळवल्यापासून ३० दिवसांत दुरुस्ती करून द्यावी लागते, आणि तोंडी सांगितलेलं तिथे धरत नाहीत.

बेस्टचं वीजमीटर, महानगर गॅस आणि मालमत्ता कर आपल्या नावावर करून घ्या. निम्म्याहून अधिक घरं बुक झाली की बिल्डरने सोसायटी स्थापनेचा अर्ज करायचा असतो. तो झालाय का ते विचारा, आणि झाला नसेल तर शेजाऱ्यांनी मिळून लेखी मागणी करा. मोठ्या भूखंडावर तीन-चार टॉवर असतील तर जमिनीचं अभिहस्तांतरण सगळे टॉवर पूर्ण होऊन शिखर संस्था (सगळ्या सोसायट्यांची मिळून एक) बनेपर्यंत लांबतं. ते कधीपर्यंत करायचं, त्याची तारीख करारात लिहिलेली असावी. तोवर जमा केलेल्या आगाऊ मेंटेनन्सचा हिशेब दर वर्षी मागत राहा.